लाल पट्टीवरचं तेरेरे

माझे सासरे माझ्याच वॉर्डात दाखल झाले तेव्हा सगळ्यांनी येऊन धीर दिला तो मला. त्यांना धीर द्यायची कुणाची छाती नव्हती. कुंपणाच्या तारेनं पोटरी फाटली तर तारेलाच शिव्या घालणारा, मग त्याच चिखलाच्या बुटात गुरं हाकत फिरणारा, आणि पाय भोपळ्याएवढा सुजल्यावर "बूट आटला" म्हणणारा माणूस. सगळं गाव त्यांना कराई कासियानो म्हणतं. कराई म्हणजे मोठा माणूस, मालक. मीही तेच म्हणते. 'बाबा' म्हणावं इतकं आमचं कधी जमलं नाही.

पाय आम्ही वाचवला. पण पायासाठी दिलेल्या जबर औषधांनी पोटातले भले जंतूही मारले आणि एका नाठाळ जंतूला रान मोकळं करून दिलं. जुलाब सुरू झाले. हा जंतू मोठा चिवट. हाताला चोळायच्या जेलला तो भीक घालत नाही. त्याला साबण, वाहतं पाणी आणि क्लोरीन लागतं. म्हणून कराईंना कोपऱ्यातल्या खोलीत एकटं ठेवलं, उंबऱ्यापाशी जमिनीला लाल पट्टी चिकटवली, आणि पट्टी ओलांडणाऱ्यानं पिवळा झगा व हातमोजे घालायचे असा नियम झाला.

"मी काय पिसाळलेलं कुत्रं आहे का?" कराईंनी मला विचारलं.

"तुम्ही नाही हो. तुमच्या पोटातला जंतू तसा आहे."

"मग त्याला बांध. मला कशाला बांधतेस?"

त्या सकाळी डॉक्टर इबार्रोलांनी मला बाजूला घेतलं. एरवी ते गमत्ये आहेत, मिशीला पीळ देत बोलतात. त्या दिवशी मिशी जागच्या जागी होती.

"सिस्टर, तुमच्या सासऱ्यांना कालपासून लघवी झालेली नाही. खालून पाणी चाललंय आणि वरून काही येत नाही. सलाईन लावली की उपटतात. आता तर शीरही सापडत नाही. आज संध्याकाळपर्यंत लघवी झाली नाही तर मला त्यांना राजधानीला पाठवावं लागेल, किडनीच्या मशीनवर. अँब्युलन्स सांगून ठेवतोय."

त्या रस्त्याबद्दल मी काय सांगू? लाल मातीचे खड्डे, वर जानेवारीचं ऊन (आमच्याकडे जानेवारीत भर उन्हाळा), आणि आमची अँब्युलन्स म्हणजे रुग्ण नसलेल्यालाही रुग्ण करील अशी. कराईंचा थोरला भाऊ त्याच रस्त्यानं आडवा होऊन गेला होता आणि आडवाच परत आला, पेटीत. मी खोलीत जाऊन त्यांना डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं, तर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

"त्या गाडीत मला घालायचं असेल तर सुताराला आधी माप घ्यायला पाठव," ते म्हणाले.

त्यांचे ओठ भाजलेल्या कणसासारखे कोरडे पडले होते. मला त्यांचा संताप आला होता आणि भीतीही वाटत होती. नवरा ट्रकवर सोयाबीन घेऊन सरहद्दीला गेलेला. तो परत आल्यावर 'तुझ्या वॉर्डात माझा बाप तहानेनं गेला' हे मी कोणत्या तोंडानं सांगणार होते?

पण प्यायला त्यांना झालं होतं काय? तेही ऐका.

आमच्याकडे तेरेरे कुणी एकट्यानं पीत नाही. बैलाच्या शिंगाचा पेला, त्यात येर्बा नावाच्या झाडाचा सुकवलेला पाला, वरून बर्फाचं पाणी, आणि ओढायला धातूची नळी. सगळ्यांत धाकटा ओततो. पेला एकाकडे जातो, रिकामा होऊन परत येतो, पुन्हा भरून दुसऱ्याकडे जातो. पेला एक, नळी एक, तोंडं अनेक. आणखी हवं असेल त्यानं पेला गुमान परत करायचा. ज्यानं 'आभार' म्हटलं त्याचं पुरं झालं, त्याला पुढे कुणी विचारत नाही.

आणि कराई कासियानो दाखल झाल्यापासून दर वेळी पहिल्याच घोटाला "आभार" म्हणत होते. संत्र्याच्या चवीचं क्षाराचं पाणी दिलं, आभार. शहाळं आणलं, आभार. शेवटी खास त्यांच्यासाठी वेगळं शिंग, वेगळी नळी आणि बर्फानं भरलेला थर्मास खोलीत ठेवला. त्यांनी एक घोट घेतला, रिकाम्या भिंतींकडे पाहिलं आणि शिंग खाली ठेवलं.

"भिंतींबरोबर पिऊ? आभार."

मनातल्या मनात मला जरासं बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू. लग्न होऊन वीसेक वर्षं झाली, त्यांच्या अंगणातल्या आंब्याखाली दर रविवारी तेरेरेची फेरी बसते. शिंग माझ्या नवऱ्याकडे जातं, दिराकडे जातं, शेजाऱ्याकडे, ट्रॅक्टर दुरुस्त करायला आलेल्या मेकॅनिककडेसुद्धा. मला मात्र ग्लासात लिंबूसरबत. "नर्स आहे ती. हाताला क्लोरीनचा वास येतो, पाला बिघडतो," असं कराईंनी पहिल्याच रविवारी जाहीर केलं आणि तो कायदा झाला. एकटं पिणं म्हणजे काय ते आता त्यांना कळत होतं. पण असलं बरं वाटणं फार टिकत नाही. त्यांच्या हाताची कातडी मी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली.

आता पेर्लाबद्दल सांगते. पेर्ला ही आमची नवी संसर्ग-नियंत्रण सिस्टर. राजधानीतून शिकून आली आणि जंतूंच्या हात धुऊन मागे लागली. सगळं नव्या पद्धतीचं. साबणाच्या पेट्यांत मोजणी करणारं यंत्र बसवलं. ओवरीतल्या ज्या टीव्हीवर आम्ही फुटबॉल बघायचो, त्यावर आता प्रत्येक वॉर्डाचा 'हात धुण्याचा टक्का' दिसायचा. आमची सफाईवाली न्या सेफेरिना ('न्या' म्हणजे बाई) हिला वाटलं, टक्का वाढला तर फुटबॉल परत मिळेल. ती येता-जाता कोपरानं साबणाची पेटी दाबायची. टक्का शंभराच्या वर गेला, साबण महिना भरायच्या आधीच संपला आणि फुटबॉल काही आला नाही.

मग पेर्लानं वॉर्डातल्या तेरेरेवर बोट ठेवलं. "तुम्ही हात धुता ते कोपरापर्यंत," ती म्हणाली, "आणि मग एकाच नळीला सगळे तोंड लावता! यापुढे नळी ज्याची त्याची." तिचं बरोबर होतं. मुख्य सिस्टर म्हणून मी सर्वांसमक्ष मान डोलावली. त्याच दुपारी आमची फेरी मागच्या ऑक्सिजनच्या टाक्यांच्या शेडमध्ये हलली, तीच नळी, तेच शिंग. पेर्लाला अर्थातच कुणी कळवलं नाही.

तर डॉक्टर माझ्याशी बोलले, त्यानंतर लगेच पेर्लाचा वर्ग होता. कोपऱ्यातल्या खोलीत पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला सक्तीचा. मी, डॉक्टर, न्या सेफेरिना, रुग्णांना आशीर्वाद द्यायला येणारे पाद्री इसिद्रो, सगळे औषधांच्या खोलीत दाटीवाटीनं उभे राहिलो. पेर्लानं खिडक्या लावल्या आणि एक निळा दिवा काढला.

"काल मी कराईंच्या खोलीत एक निरुपद्रवी पूड लावून ठेवली होती," ती म्हणाली. "साध्या उजेडात ती दिसत नाही, या दिव्याखाली चमकते. खोलीतून बाहेर आल्यावर कुणी हात नीट धुतले नाहीत ते आत्ता कळेल. हात पुढे करा."

आम्ही हात पुढे केले. दिवा एकेकावरून फिरला. एकाही बोटावर, एकाही नखात काही नाही. पेर्लाचा चेहरा फुलत गेला.

"सुंदर!" ती म्हणाली. "खरंच सुंदर! मला तुमचा अभिमान..."

बोलताना तिनं हात उंचावला आणि दिव्याचा उजेड आमच्या तोंडांवर पडला.

डॉक्टर इबार्रोलांच्या मिशीत काजवे बसले होते. पाद्री इसिद्रोंच्या ओठांवर तर असं तेज होतं की न्या सेफेरिनानं नकळत छातीवर क्रूस काढला. तिच्या स्वतःच्या तोंडात जे काही दात उरलेत तेही लखलखत होते. मी चटकन ओठ आत घेतले, पण तोवर पेर्लानं पाहिलं होतं.

"सिस्टर देओलिंदा, तुम्हीसुद्धा?"

मी काही बोलले नाही. बोलले असते तर जास्त चमकले असते.

"ही पूड मी तीनच ठिकाणी लावली होती," पेर्ला हळू आवाजात म्हणाली. "दाराची मूठ, खाटेचा कठडा आणि कराईंच्या थर्मासची कडी. तोंडापर्यंत कशी गेली?"

सगळ्यांनी न्या सेफेरिनाकडे पाहिलं. तीच आमची रोजची ओतणारी. धाकटी नव्हे, पण दुसऱ्या कुणाला ती थर्मासला हात लावू देत नाही.

"असं काय बघताय? म्हातारा पीत नव्हता, माझ्या राणी," ती पेर्लाला म्हणाली. "इतका छान बर्फ नुसता वितळत पडलेला. आज सकाळी थर्मास शेडमध्ये नेला थोडा वेळ, आणि जागच्या जागी आणून ठेवला. बर्फ वाया घालवला तर देव विचारील."

"देव नाही विचारणार," पाद्री पोटावर हात ठेवून म्हणाले.

"पण हात तर सगळ्यांचे स्वच्छ आहेत!"

"धुतले ना," डॉक्टर ओशाळून म्हणाले. "पिऊन झाल्यावर."

आता ही ओरडेल, वर कळवेल, आमची सगळ्यांची खरडपट्टी निघेल, असं मला वाटलं. पण पेर्लानं भिंतीवरच्या लहान आरशाकडे तोंड वळवलं आणि दिवा स्वतःच्या चेहऱ्यावर धरला. तिचे ओठ काळोखात होते. खोलीतले तेवढेच.

"मला कुणी बोलावलंच नाही," ती म्हणाली. "एकदाही."

आणि ती रडायला लागली. रडतानाही तिनं नाक हातानं पुसलं नाही, नियमाप्रमाणे बाहीच्या कोपऱ्यात पुसलं. उन्हाळाभर ही पोर दुपारी तिच्या टेबलापाशी एकटीच बाटलीतलं पाणी पीत बसायची, आणि मी तिला शिष्ट म्हणत होते.

"पोरी," मी म्हटलं, "तू आम्हाला काय ते बोल, ऐकून घेऊ. पोटं बिघडतात का त्यावर लक्ष ठेवू, शेड क्लोरीननं धुऊन काढू, ती नळी तर मी स्वतः फेकते. पण आधी माझ्या सासऱ्यांचं बघ. ते एकटे पीत नाहीत, आणि संध्याकाळी अँब्युलन्स येतेय."

पेर्लानं डोळे पुसले. "एका नळीनं मी पिऊ देणार नाही. मेले तरी नाही."

"मरायचंच झालं तर तेच मरतील."

"थांबा ना जरा!" ती माझ्यावर खेकसली. पहिल्यांदाच. मला ते आवडलं. "फेरी कशानं होते? नळी एक असते म्हणून?"

आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. असा प्रश्न आमच्यात कुणी कधी विचारला नव्हता.

"ओतणारा एक असतो," पाद्री म्हणाले.

"आपली पाळी येईपर्यंत थांबायचं असतं," डॉक्टर म्हणाले.

"आणि अडवून धरायचं नसतं," न्या सेफेरिना म्हणाली. "कराईंच्या अंगणात एकदा माझा भाऊ शिंग हातात धरून गप्पा मारत बसला. कराईंनी त्याला सगळ्यांदेखत विचारलं, हा माइक आहे का, भाषण करणार का? पुन्हा गेला नाही तो."

पेर्लानं आणि मी एकदमच एकमेकींकडे पाहिलं.

दुपारच्या झोपेच्या वेळी, सगळं गाव आडवं झालेलं असताना, आम्ही कोपऱ्यातल्या खोलीसमोर खुर्च्या मांडल्या, पट्टीच्या अलीकडे अर्धवर्तुळात. प्रत्येकाच्या हातात स्वतःचं शिंग, स्वतःची उकळून घेतलेली नळी. हात धुतलेले, या खेपेस आधीच. पेर्लानं नवाकोरा थर्मास पोटाशी धरला होता आणि त्यातल्या पाण्यात गुपचूप जुलाबावरची क्षारांची पूड मिसळली होती. मी झगा चढवून आत गेले, कराईंना उठवून पट्टीच्या पलीकडे खुर्चीत बसवलं, त्यांचं शिंग त्यांच्या हातात दिलं, बाहेर आले, झगा टाकला, हात धुतले आणि माझ्या खुर्चीत बसले. अंगणात अँब्युलन्स येऊन उभी राहिली होती. ड्रायव्हर तोरिबिओ झाडाखाली टोपी तोंडावर घेऊन पडला होता. कराईंनी गाडीकडे एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"हे काय? मयताला जमलात?"

"तेरेरेला जमलोय, कराई," पाद्री म्हणाले.

"सगळ्यांच्या हातात वेगळं शिंग? ही फेरी आहे की बसस्टॉप?"

"ओतणारी एक आहे," पेर्ला म्हणाली. ती उठून उभी राहिली. "पाणी एक आहे. क्रम ठरलेला आहे. पहिली मी, मग तुम्ही, मग बाकीचे. एकाचं झाल्याशिवाय पुढच्याला मिळणार नाही." आणि तिनं स्वतःच्या शिंगात पाणी ओतून नळी तोंडाला लावली.

"अरे देवा!" कराई ओरडले. "पहिलं पाणी संत तोमासचं, ते पाल्यात मुरू द्यायचं! कुणी शिकवलं हिला?"

"कुणीच नाही," पेर्ला म्हणाली. "मला कुणी बोलावत नाही."

कराईंनी तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि का कोण जाणे, नजर खाली केली.

"एका कडेनं ओत," ते जरा मऊ आवाजात म्हणाले. "सगळा पाला भिजवायचा नाही. अर्धा कोरडा ठेवायचा. हां, असं."

तिनं पट्टीवरून हात लांबवला आणि थर्मास उंच धरून, कुठे टेकू न देता, त्यांचं शिंग भरलं. कराई शिंग हातात धरून बसून राहिले.

आम्हीही बसून राहिलो. ऊन पत्र्यावर तडतडत होतं. पंखा गरम हवा ढवळत होता. डॉक्टरांनी ओठांवरून जीभ फिरवली. न्या सेफेरिना रिकाम्या शिंगात डोकावून बघत होती. पाद्रींच्या कपाळावरून घाम नाकावर आला आणि नाकावरून खाली टपकला.

"मला नकोय," कराई म्हणाले. "पुढे जाऊ द्या."

"क्रम मोडत नाही, कराई," मी म्हटलं.

"डॉक्टरला द्या. बघा कसा जीभ काढून बसलाय."

"तुमचं झालं की त्यांचं."

आणि मग न्या सेफेरिनानं घसा खाकरला.

"कराई," ती गोड आवाजात म्हणाली, "शिंग आहे ते, माइक नव्हे. भाषण करणार का?"

त्यांचे कान लाल झाले. आयुष्यभर दुसऱ्यांना मारलेला टोमणा पहिल्यांदाच त्यांच्या अंगाला लागला होता. त्यांनी नळी तोंडात धरली आणि ओढलं, तळाशी घुर्र आवाज होईपर्यंत ओढलं. नर्सच्या नोकरीत मी जन्मलेल्या बाळांचं पहिलं रडणं पुष्कळ ऐकलंय. त्या दुपारी ते घुर्र मला त्याहून गोड लागलं.

मग त्यांनी तोंड वाकडं केलं.

"आपल्या देशाला समुद्र नाही," ते म्हणाले. "मग पाण्यात मीठ कुठून आलं?"

"नवी विहीर आहे," डॉक्टर म्हणाले.

पाळी पुढे गेली आणि ते पाणी आम्हा सगळ्यांना प्यावं लागलं. उलटी येईल असं खारट-गोड, त्यात कडू पाला. "थंडगार आहे," पाद्री म्हणाले, आणि धर्मगुरूला शोभेल असं तेवढंच खरं बोलले. पाळी पुन्हा कराईंकडे आली. त्यांनी पुन्हा वेळ लावला, आम्ही पुन्हा त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. प्याले. प्रत्येक घुर्रनंतर सगळे श्वास रोखायचे, आता 'आभार' म्हणतात की काय. नाही म्हणाले. पेर्ला ओतताना चुकत होती आणि ते तिला सुधारत होते. शिकवायला माणूस मिळाला की त्यांना थकवा आठवत नाही.

हळूहळू त्यांना गोष्टी सुचू लागल्या. नदीत पोहत पळून गेलेल्या बैलाची गोष्ट, मग त्या बैलाच्या बापाची. ओठ ओले झाले, डोळ्यांत ओल आली. पण लघवीचं नाव नाही. तिकडे तोरिबिओ उठला, त्यानं तोंड धुतलं आणि इंजिन चालू करून पाहिलं.

डॉक्टरांना ऑपरेशन थिएटरमधून बोलावणं आलं. "आभार," ते म्हणाले आणि गेले. पाद्रींची जपमाळेची वेळ झाली, "आभार." न्या सेफेरिनानं पोटावर थाप मारली, "आभार, कराई, आता मी हलले तर आतलं पाणी डुचमळतं," आणि डुलत निघून गेली. उरलो तिघं. पेर्ला, कराई आणि मी.

माझं पोट नगाऱ्यासारखं ताणलं होतं. खारट पाणी गळ्याशी आलं होतं. पण मी आभार म्हटलं असतं तर समोर एक शिकाऊ ओतणारी तेवढी राहिली असती, आणि ही फेरी आहे असं त्यांना कुणी पटवलं असतं? मी शिंग रिकामं केलं आणि गुमान पुढे धरलं.

कराईंनी ते पाहिलं.

"दमलीस सूनबाई?"

"नाही."

"चेहरा हिरवा पडलाय तुझा."

"पाल्याचा रंग आहे."

"आभार मान की. कुणी हसणार नाही."

"आधी तुम्ही माना."

त्यांनी पेर्लापुढे शिंग धरलं. "भर, पोरी. काठापर्यंत भर. हिला बघतो मी."

असं आमचं चाललं. सुनेसमोर हरायचं नाही म्हणून ते पीत होते आणि ते थांबू नयेत म्हणून मी. पेर्ला मध्ये उभी, एक पाय दुसऱ्यावर दाबून, कारण ओतणाऱ्यालाही प्यावं लागतं. तोरिबिओ ओवरीत आला आणि म्हणाला, "सिस्टर, निघायचं का? अंधार पडला तर पुलाखालचा रस्ता दिसत नाही." मी त्याला हातानं थांबवलं. मला बोलणंही अवघड झालं होतं.

तेवढ्यात कराई खुर्चीत चुळबुळले. त्यांनी शिंग मांडीवर ठेवलं. झालं, म्हटलं, आता आभार मानतात.

"सूनबाई," ते कुजबुजले. "ते भांडं दे. आणि बाहेर जा. ही पोरगी पण."

मी झगा इतक्या घाईनं चढवला की उलटा चढला. त्यांना आधार देऊन खाटेपर्यंत नेलं, भांडं दिलं, पडदा ओढला आणि पडद्याबाहेर उभी राहिले. बराच वेळ काही नाही. मग, बऱ्याच दिवसांनी नळाला पाणी यावं तसं, आधी थेंब, मग धार.

मी रडले. पिवळ्या उलट्या झग्यात, हातमोजे घातलेले असल्यामुळे डोळे पुसता येत नव्हते, तशीच रडले. पट्टीपलीकडे पेर्ला दोन्ही मुठी वर करून आवाज न करता नाचत होती. मग एकदम थांबली, थर्मास माझ्या खुर्चीवर ठेवला, "सिस्टर, मी फुटते आता!" म्हणाली आणि धावत सुटली.

डॉक्टर थिएटरमधून टोपीसकट आले. रंग गडद होता, पण माप भरपूर होतं. त्यांनी मोजायचं भांडं उजेडात धरलं. इतक्या प्रेमानं त्यांना कुणी उसाच्या दारूकडेही बघताना पाहिलं नसेल. "उद्या सकाळी रक्त तपासू," ते म्हणाले, "पण आज हे कुठेही जात नाहीत." आणि मिशीला पीळ दिला. तोरिबिओनं गाडी वळवली. लाल धूळ उडाली आणि बसली.

मी झगा टाकला. हात धुतले, बोटांच्या बेचक्या, नखं, मनगटं, सगळं. खुर्च्या आणि फरशी क्लोरीननं पुसली, पुन्हा हात धुतले. संपलं, म्हटलं. त्यांना आता आडवं करावं. आत बघते तर कराई भिंतीचा आधार घेत स्वतःच येऊन पुन्हा पट्टीपाशी खुर्चीत बसलेले, शिंग हातात.

"ओतणारी कुठे गेली?"

"ती फुटली. येईल."

"मग?"

मी थर्मासकडे पाहिलं. मी त्यांच्या घरात आल्यापासून माझ्या हातचं पाणी त्यांच्या शिंगात पडलं नव्हतं. आता जिंकायचं काही उरलं नव्हतं. त्यांनी आभार म्हटलं असतं तरी चाललं असतं, औषध म्हणून जेवढं जायचं तेवढं पोटात गेलं होतं. मी थर्मास उचलला. पट्टीवरून लांबवला, उंच धरला, एका कडेनं ओतलं, अर्धा पाला कोरडा ठेवला.

कराईंनी आधी नाकाशी नेलं आणि वास घेतला. मग नळी तोंडात धरली आणि तळाशी घुर्र होईपर्यंत ओढलं. सावकाश तोंड पुसलं. मी त्या एका शब्दाची वाट बघत उभी होते.

"क्लोरीनचा वास येतो," ते म्हणाले, आणि शिंग पुन्हा माझ्यापुढे धरलं.